अर्धा भात

खालच्या मजल्यावरची खोली सहा लाख, वरची आठ.
हाजी सानुसींनी भिंतीवर बोट ठेवलं:
कमरेइतक्या उंचीवर एक मातकट रेघ.
"दोन लाख या रेघेचे," म्हणाले, "गेल्या साली पाणी इथवर होतं."
मी वरची घेतली.
आणि महिनाभर, रोज रात्री, त्या दोन लाखांत
काय काय आलं असतं ते मोजत झोपले.

जकार्तात भाडं लाखांत, चहा हजारांत.
फोनवर आकडा ऐकून बाबा आधी गप्प झाले,
मग म्हणाले, एवढ्यात केफामेनानूच्या बाजारात
डुकराचं पिल्लू येतं, एर्मेलिंडा.
दर महिन्याला एक, मी म्हटलं.
मागे चुलीवरच्या माळ्यात मका धूर खात असणार.
मला फोनमधून वास आल्यासारखं झालं.

गादी अंथरली की दार अर्धंच उघडतं.
पंखा भाड्यात धरलाय. भाताचा कुकर लावलात तर पन्नास हजार वर.
इस्त्री चालणार नाही, पुरुष चालणार नाहीत:
दोन्ही एकाच कागदावर, एकाच ओळीत.
प्लायवूडपलीकडे नूर्हायाती, तिची रात्रपाळी.
तिचा गजर झाला की मी उठते. मला वेगळा लागत नाही.

पहिला आठवडा नूडल्सवर काढला,
पाकिटातच चुरून, कोरड्या.
आठव्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी थांबले
जिथे काचेमागे पंधरा-वीस परातींत जेवण मांडलेलं
आणि भाव कुठेच लिहिलेला नाही.
आई असल्या दुकानात पाऊल टाकू देत नसे.

बोट दाखवायचं. तेंपे. वांगं. अंडं नको.
"भात?"
अर्धा, म्हणाले. पुढच्या माणसाने तसंच मागितलं होतं,
दोन हजार वाचतात.
वार्सिनाबाईंनी माझ्या कुरळ्या केसांकडे पाहिलं, मग चपलांकडे,
आणि नुसत्या डोळ्यांनी ताट तोललं.
अकरा हजार.
वरचा रस्सा फुकट. बिनसाखरेचा चहा फुकट, प्याल तेवढा.

मी चार पेले प्याले.

जवळजवळ चार महिने असंच.
शहर कळलं, असं मला वाटायला लागलं.
घरी रुबाबात सांगायचे: अकरा हजारांत पोट भरतं इथे,
जागा माहीत हवी, बस.

मग एका सोमवारी काचेमागे दुसरीच बाई.
तेगालकडच्या या लोकांची रीत आहे म्हणे,
चार महिने एका घराने दुकान बघायचं,
मग त्यांनी गावी शेताकडे जायचं, जावेने इकडे यायचं.
त्याच पराती, तीच पळी.
अर्धा, मी म्हणाले.
तिने अर्धा दिला.

भाताची एवढीशी टेकडी. भोवती पांढरंशुभ्र ताट.
इतक्या दिवसांत त्या ताटाचा तळ
जेवणाआधी कधी दिसलाच नव्हता.
"चौदा हजार," ती म्हणाली. "काही चुकलं का?"
चुकलं काहीच नव्हतं. माप चोख होतं.
मापात पाप असतं, एवढं ऐकून होते.
उलटंही असतं, हे कुणी बोललं नव्हतं,
वार्सिनाबाई तर नाहीच.

त्या रात्री हिशेब मांडायला घेतला,
रोजचे तीन हजार, रोजचा अर्धा भात, गुणिले दिवस,
आणि मधेच वही मिटली.
तिचं गाव विचारायचं राहिलं होतं.
मनगट तेवढं आठवत होतं, पळीमागचं.

काल सोएहून एक पोरगा आलाय, खालची खोली बघायला.
माझ्यासारखंच बोलतो, 'र' वर जोर देऊन.
जेवण कुठे स्वस्त, ताई?
अकरा, असं तोंडाशी आलं होतं.
चौदा, म्हटलं. आणि भात पूर्ण माग. लाजू नकोस.
हाजींनी भिंत नव्याने रंगवली आहे, फिकट हिरवी,
रंग अजून हाताला लागतो.
तो म्हणाला, छान आहे की, सहा लाखांत.
मी काही बोलले नाही.
त्याच्या कमरेशी हात आडवा धरला फक्त,
इथवर.